मोसंबीचा नकाशा सरकतो आहे, व्यापाऱ्याची वही सरकली का?

मोसंबी म्हटली की मराठवाडा, आणि मराठवाड्यातही जालना व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) हे दोन जिल्हे, हे फळबाजारात कोणाला सांगावे लागत नाही. २०१६ साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे नाव पक्के झाले. पण नाव पक्के झाले म्हणून बागही पक्की झाली, असे होत नाही. फळबागांचा नकाशा हा शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या नकाशासारखा नसतो. तो दर काही वर्षांनी सरकतो, मध्येच विरळ होतो, दुसरीकडे दाट होतो. आमचे बरेच व्यापारी बांधव मात्र अजून जुन्याच नकाशावर कारोबार करीत आहेत. या आठवड्यात आम्ही याच विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

कापडाच्या व्यापाऱ्याने मोसंबीवर का लिहावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. खेड्यात कापड पिकाच्या पैशावर विकले जाते. कपाशीचे पैसे दिवाळीच्या आगेमागे येतात. आंबे बहाराच्या मोसंबीचे पैसे ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये येतात, तर मृग बहाराचे फेब्रुवारी-मार्चमध्ये. कोणत्या गावाला किती उधारी द्यायची आणि वसुलीला कोणत्या महिन्यात जायचे, हे आम्ही पीक पाहूनच ठरवितो. आणि आपल्यातली बागवान मंडळी तर पिढ्यान्‌पिढ्या फळांच्याच धंद्यात आहेत. फळ झाडावर असतानाच ते सौदा करतात, इसार देतात. बाग कुठे आहे आणि कुठे नाही, हा त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे.

वाळूजचा धडा

नकाशा कसा बदलतो हे पाहायला आम्हाला लांब जावे लागत नाही. वाळूज हे गंगापूर तालुक्यातले खाम नदीकाठचे गाव. ऐंशीच्या दशकात येथे औद्योगिक वसाहत झाली, १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि पाहता पाहता रांजणगाव, पंढरपूर, जोगेश्वरी, घाणेगाव, वडगाव कोल्हाटी या गावांच्या शिवारात शेड, गोदामे आणि भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. शेती संपली असे नव्हे, पण शेतीची जागा मागे मागे सरकत गेली. आज वाळूजच्या चौकात हातगाडीवर जी मोसंबी दिसते, ती बहुतेक बाहेरच्या तालुक्यांतून आलेली असते.

आमच्या दुकानाच्या वहीतही हा बदल उतरला आहे. पूर्वी खात्यापुढे लिहिलेले असे, "माल निघाल्यावर". आता लिहिलेले असते, "पगार झाल्यावर". पूर्वी वर्षातून दोन-तीन वेळा मोठी वसुली होई, आता दर महिन्याच्या सात ते दहा तारखेला थोडी थोडी होते. एका अर्थाने ही वहीच आमच्या परिसराचा नकाशा आहे. मात्र वाळूजचा बदल सर्वांच्या डोळ्यांदेखत झाला. कारखान्याची भिंत कोणालाही दिसते. जिथे बाग वाळून जाते आणि तिच्या जागी कपाशी किंवा मका उभा राहतो, तिथला बदल बाहेरच्या माणसाला दिसत नाही, आणि धोका तिथेच असतो.

बाग पाण्याच्या मागे जाते

मोसंबीला पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. मुळाशी पाणी साचले की डिंक्या रोग धरतो. पण निचऱ्याबरोबर बारमाही पाणीही लागते. सहा मीटर बाय सहा मीटर अंतराने लावले तर हेक्टरी २७७ झाडे बसतात. भर उन्हाळ्यात पूर्ण वाढलेल्या झाडाला रोज शंभर लिटर पाणी धरले, तरी एका हेक्टरला दिवसाला सुमारे २७,७०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर लागतात. ज्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी ७०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही लहरी, तिथे हे पाणी विहीर, कालवा किंवा शेततळे यांपैकी कुठून तरी यावेच लागते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले, आणि त्याच परंपरेच्या पाण्यावर पुढे या शहराचे बगीचे फुलले. पाणी आधी, बाग नंतर, हा हिशेब चारशे वर्षांत बदललेला नाही.

बहार कोणता धरायचा, हेही पाण्यावरच ठरते. आंबे बहारात जानेवारी-फेब्रुवारीत फुले येतात. म्हणजे फळ पोसण्यासाठी सगळा उन्हाळा पाणी द्यावे लागते. मृग बहार पावसाच्या सुरुवातीला फुलतो. त्यासाठी झाडाला ताण उन्हाळ्यातच द्यायचा असल्यामुळे उन्हाळी पाणी कमी असलेला शेतकरी मृगाकडे वळतो. तेव्हा एखाद्या गावात आंबे बहार जास्त की मृग, एवढे विचारले तरी त्या गावच्या विहिरींची हालत कळते.

लावायला पाच वर्षे, उपटायला एक दिवस

मराठवाड्यात फळबागा वाढण्यामागे सरकारी धोरणाचा मोठा वाटा आहे. १९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीची योजना आली आणि कोरडवाहू गावांतही कलमे गेली. २००५-०६ पासून राष्ट्रीय फलोत्पादन अभियान सुरू झाले. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे बदनापूरचे मोसंबी संशोधन केंद्र शेतकऱ्यांना सल्ला देतच होते. रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधलेली न्यूसेलर मोसंबीची कलमे गावोगाव पोहोचली. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने पैठण, अंबड, घनसावंगी या भागांना आधार दिला.

मग २०१२-१३ चा दुष्काळ आला. १९७२ नंतरचा हा मोठा दुष्काळ, असे सर्वांनी म्हटले. २०१३ च्या उन्हाळ्यात जायकवाडीच्या मृतसाठ्यातून पाणी उपसावे लागले. जालना शहराला पिण्याचे पाणी मिळेना, तिथे बागांची काय कथा! शेतकऱ्यांनी टँकरने पाणी आणून झाडे जगविली. काहींनी फळ तोडून टाकले, फांद्या छाटल्या आणि नुसते बुंधे वाचविले. ज्यांना तेही जमले नाही, त्यांनी दहा-पंधरा वर्षांच्या बागा तोडून सरपणाला दिल्या. त्यातून सावरतो न सावरतो तोच २०१५-१६ आणि पुन्हा २०१८-१९ चे दुष्काळ आले.

येथे व्यापाऱ्याने एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. मोसंबीचे झाड चौथ्या-पाचव्या वर्षी फळावर येते. म्हणजे बाग वाढायला पाच वर्षे लागतात आणि नाहीशी व्हायला एक उन्हाळा पुरतो. दुष्काळानंतर माल कमी होतो, भाव चढतो, भाव पाहून सगळे एकदम लागवड करतात, आणि पाच वर्षांनी सगळ्यांचा माल एकदम बाजारात येऊन भाव पडतो. जो व्यापारी आजच्या भावावरून पुढच्या पाच वर्षांचा अंदाज बांधतो, तो हमखास फसतो. जो आज किती कलमे जमिनीत गेली हे पाहतो, तो सावध राहतो.

दुष्काळानंतर झालेला दुसरा बदल म्हणजे शेततळी. जालना तालुक्यातल्या कडवंचीने पाणलोटाची कामे आणि शेततळी यांच्या जोरावर द्राक्षबागा टिकविल्या, हे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली तळी आता हायवेवरूनही दिसतात. परिणाम असा की बागांचा नकाशा ठिपक्याठिपक्यांचा झाला. पूर्वी "अमुक गाव मोसंबीचे" असे म्हणता येई. आता त्याच गावात एकाची बाग हिरवीगार आणि बांधाला बांध लागून दुसऱ्याची वाळलेली, असे चित्र असते. गावाच्या नावावर उधारी देण्याचे दिवस गेले, ते यामुळे.

ही गोष्ट केवळ मराठवाड्याची नाही. संत्र्याला सारे जग नागपुरी म्हणते, पण त्याच्या बागांचे मोठे आगर अमरावती जिल्ह्यातले वरूड आणि मोर्शी हे तालुके झाले, आणि तिथेही भूजल खोल गेल्याची तक्रार आहे. श्रीरामपूर-राहुरीकडची मोसंबीही एके काळी नावाजलेली होती. आज त्या पट्ट्याची ओळख उसाची आहे. फळाचे नाव एका गावाला चिकटून राहते, झाड मात्र तिथे थांबत नाही.

कागदावरचा नकाशा

आता प्रश्न असा की बाग नेमकी कुठे आहे, हे कळावे कसे? जुना मार्ग महसुली कागदाचा. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो, त्यामुळे जमाबंदी, गिरदावरी, खासरा हे शब्द आम्हाला परके नाहीत. गिरदावरी म्हणजे फिरून पाहणी करणे. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता तेव्हाचे १९५४ चे खासरा पत्रक आजही जमिनीच्या दाव्यात काढले जाते. पुढे सातबारा आला. त्यातल्या गाव नमुना बारामध्ये पीक लिहिले जाते.

कागदाची अडचण अशी की तो झाडाच्या मागे पडतो. बाग तोडली तरी नोंद राहते. पहिल्या वर्षीचे कलमही मोसंबी आणि पंधरा वर्षांचे झाडही मोसंबीच. एकूण क्षेत्राचा आकडा मोठा दिसतो, पण त्यातले फळ देणारे क्षेत्र किती, हे वेगळे विचारावे लागते. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आता शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाइलने फोटो काढतो आणि जागेसह नोंद करतो. ही निश्चितच सुधारणा आहे. पण ज्याच्याकडे मोबाइल नाही, किंवा ज्याच्या शिवारात नेटवर्क नाही, त्याची खरी बागही कागदावर येत नाही.

आणि कागदावर बाग असण्या-नसण्यात मोठा पैसा अडकला आहे. दुष्काळाची मदत, गारपिटीची भरपाई, रस्त्यात गेलेल्या झाडांचा मोबदला, फळपीक विमा, सर्व काही नोंदीवर. २०२४ मध्ये कृषी खात्याने फळपीक विम्याच्या अर्जांची पडताळणी केली, तेव्हा शेतात बाग नसतानाही विमा उतरविल्याची प्रकरणे उघडकीस आली. अशा खोट्या बागांचा भार शेवटी खऱ्या बागवाल्यावरच पडतो. तपासणी कडक होते, पैसे लांबतात, आणि ज्याची फळगळ खरोखर झाली तो कचेरीच्या चकरा मारीत राहतो. त्याचे पैसे लांबले की आमची उधारीही लांबते.

आभाळातून पाहणी

म्हणूनच आता उपग्रहाकडे पाहिले जाते. १९८८ साली भारताने नियमित कामासाठीचा आपला पहिला दूरसंवेदन उपग्रह सोडला. त्याच वर्षी नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. २०१४ साली केंद्रीय कृषी खात्याने फळे व भाजीपाल्याखालील क्षेत्र उपग्रहाने मोजण्यासाठी ‘चमन’ हा प्रकल्प हाती घेतला. त्यात केळी, आंबा आणि लिंबूवर्गीय फळे होती, शिवाय बटाटा, कांदा, टोमॅटो आणि मिरची.

हे काम चालते कसे, ते थोडक्यात सांगतो. हिरवे पान सूर्याचा तांबडा प्रकाश शोषून घेते, आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणावर परत फेकते. उघडी माती तसे करीत नाही. उपग्रह हे दोन्ही प्रकाश मोजतो आणि त्यावरून जमिनीच्या प्रत्येक चौकटीत हिरवाई किती, हे ठरते. एप्रिल महिन्यात खरीप निघालेला असतो, रब्बीही निघालेली असते, शेते उघडी पडलेली असतात. अशा वेळी जे हिरवे दिसते ते बहुधा बाग किंवा ऊस. पाच-सात वर्षांचे एप्रिल महिने शेजारी शेजारी ठेवले की कुठली बाग गेली आणि कुठे नवी आली, हे उमटते.

चौकट किती मोठी, यावर बरेच अवलंबून असते. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याची चौकट सुमारे साडेतेवीस मीटरची आहे. तिच्यात मोसंबीची पंधरा झाडे बसतात. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाची चौकट दहा मीटरची, म्हणजे जेमतेम तीन झाडे. रिसोर्ससॅटच्याच दुसऱ्या कॅमेऱ्याची चौकट ५.८ मीटरची आहे, म्हणजे साधारण एका चौकटीत एक झाड. आपल्याकडे एक-दीड एकराच्या बागा पुष्कळ आहेत. मोठ्या चौकटीत अशा बागेची कड शेजारच्या शेतात मिसळून जाते.

तरीही आभाळातून सर्व काही दिसते, असे कोणी समजू नये. पहिली दोन-तीन वर्षे कलम इतके लहान असते की उपग्रहाला माती किंवा आंतरपीकच दिसते. मोसंबी, डाळिंब आणि पेरू यांत गल्लत होऊ शकते. सर्वांत मोठी गंमत ताणाची. बहार धरण्यासाठी शेतकरी मुद्दाम पाणी तोडतो, पाने पिवळी पडतात, काही गळतात. वरून पाहणाऱ्याला वाटते की बाग मरत आहे, आणि खाली शेतकरी फुलांची वाट पाहत असतो! मृगाची बाग मे महिन्यात अशीच दिसते. म्हणून एका तारखेच्या चित्रावर निकाल देता येत नाही. निरनिराळ्या महिन्यांची चित्रे पाहावी लागतात आणि माणसाला शेतात जाऊन खात्री करावी लागते. गिरदावरी संपलेली नाही, फक्त तिला आभाळातून मदत मिळाली आहे.

व्यापाऱ्याने काय करावे

आमच्या अनुभवावरून काही सूचना करतो.

एक, गावाची कीर्ती ऐकून सौदा किंवा उधारी करू नये. प्रत्येक बागेची लागवड कोणत्या वर्षीची, फळावर आलेली झाडे किती आणि उन्हाळ्यात पाणी कुठून येते, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. विहीर एकटी असेल तर जोखीम जास्त, विहिरीबरोबर शेततळे असेल तर कमी.

दोन, हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे ‘भुवन’ हे नकाशाचे दालन २००९ पासून सर्वांना खुले आहे. आपली शिकलेली मुले मोबाइलवर नको ते पाहण्यात रात्री घालवितात. त्यांना सांगावे की आपल्या दहा गावांची शिवारे काढून दाखवा, कुठे झाडांच्या ओळी दिसतात, कुठे तळी दिसतात ते मोजा. एका संध्याकाळचे काम आहे. बागवानांच्या मुलांनी तर हे शिकलेच पाहिजे. बापजाद्यांना कोणत्या गावात कोणती बाग, हे तोंडपाठ होते. आता गावागावांत चित्र इतके वेगळे झाले आहे की पाठांतर पुरत नाही.

तीन, रमजानचा हिशेब ठेवावा. इफ्तारीसाठी फळांची मागणी वाढते, हे सर्वांना माहीत आहे. पण रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे येतो. २०१० साली तो ऑगस्टमध्ये सुरू झाला, म्हणजे आंबे बहाराच्या तोंडावर. २०२५ साली तो २ मार्चला सुरू झाला, म्हणजे ऐन मृग बहारात. २०३० साली तर रमजान वर्षातून दोनदा सुरू होईल, जानेवारीच्या आरंभी आणि डिसेंबरच्या अखेरीस. सध्या मागणी मृगाच्या मालाशी जुळते, पुढे ती या मालाच्याही आधी येऊ लागेल. ज्याला मृगाच्या बागा कोणत्या गावांत आहेत हे ठाऊक आहे, तो माल वेळेवर धरू शकेल. बाकीचे जादा भावाने घेतील आणि गिऱ्हाइकाला महागाईचे कारण सांगत बसतील.

चार, शेतकरी ग्राहकाला ई-पीक पाहणीची आठवण करून द्यावी. ज्या दुकानात तो कापड घ्यायला येतो, तिथे दोन मिनिटे हे बोलले तर काय बिघडते? त्याची नोंद बरोबर असेल तर संकटात त्याला मदत मिळण्याचा मार्ग मोकळा राहील आणि आपली वसुलीही. यात उपकार नाही, दोघांचा फायदा आहे.

पाच, गेलेल्या बागेच्या मालकाला एकदम टाकून देऊ नये. ज्याने बाग उपटली तो कपाशीकडे वळला असेल, मुलगा वाळूजला कामाला लागला असेल. त्याचे पैसे बंद झालेले नाहीत, त्यांचा महिना बदलला आहे. वसुलीची तारीख बदलावी, माणूस तोडू नये.

नकाशे तयार करणे सरकारचे आणि शास्त्रज्ञांचे काम आहे, आणि ते काम चालू आहे. पण नकाशा कितीही बारीक झाला तरी त्यात झाडाचा मालक, त्याचे कर्ज आणि त्याचा शब्द उमटत नाही. हे आपल्या वहीत असते. सरकारी नकाशा आणि आपली वही दरवर्षी एप्रिलमध्ये एकदा समोरासमोर ठेवून पाहावी, एवढीच आमची व्यापारी बांधवांना विनंती आहे. जिथे दोन्ही जुळत नाहीत, त्या गावी पुढच्या आठवड्यात स्वतः जाऊन यावे.